दोघांची कड

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. ठोकळे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील, पण माझ्यासारखा क्वचितच पाहिला असेल. मी ना धड गोळा, ना धड दांडा. माझे अंग दांड्यासारखे सरळ उभे आहे. माझे डोके आणि माझा तळ मात्र गोळ्यासारखे फुगीर आहेत. पाठीकडून मी चांगला वीतभर उंच आहे. पुढे येताना वरून उतरत आणि खालून चढत मी एका गुळगुळीत नाकाशी येऊन थांबतो. पहिल्यांदा पाहणारा माणूस मला उलटासुलटा करतो आणि विचारतो, "हे नक्की आहे तरी काय?"

माझी खरी ओळख आहे माझी कड. डोके संपून अंग सुरू होते तिथे जी धार आहे, ती. ती गोळ्याचीही आहे आणि दांड्याचीही. लोक भांडणात कोणाची ना कोणाची कड घेतात. मला ते जमतच नाही, कारण माझी कडच मुळी दोघांची आहे.

माझा जन्म एका कातारी दादांच्या दुकानात झाला. कातारी म्हणजे लेथवर लाकूड फिरवून त्याला आकार देणारा कारागीर. दादा खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्यांचे दांडे आणि मुलांचे भोवरे करत. त्यांची धाकटी बहीण कॉलेजात गणित शिकवायची. घरी तिला सगळे चिमी म्हणत. कॉलेजातली मुले तिला समोर बाई म्हणत आणि पाठीमागे वक्रबाई. ती वाकड्या रेघांचे गणित शिकवायची, म्हणून हे नाव पडले. बाईंना ते ठाऊक होते. आपण वाकड्यात शिरत नाही, वाकडे सरळ करून सांगतो, असे त्या म्हणत आणि पुढच्या उदाहरणाकडे वळत.

पुढे बाईंच्या डोळ्यांना काहीतरी झाले. नजरेचा मधला भाग हळूहळू पुसला जाऊ लागला. कडेचे दिसे, पण जिथे पाहावे तिथे करडा डाग. "हल्ली मला माणसं कानांवरून ओळखावी लागतात," असे त्या हसत सांगत. डॉक्टरांनी मात्र स्पष्टच सांगितले होते की गेलेले परत येणार नाही आणि उरलेलेही टिकेल याची खात्री नाही.

फळ्यावर त्यांच्या ओळी एकमेकींवर चढू लागल्या. काही मुलांनी तक्रार केली. त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही, परीक्षा त्यांना द्यायची होती. विभागप्रमुख सर भला माणूस. त्यांनी बाईंना खोलीत बोलावले, चहा मागवला आणि फार सांभाळून विषय काढला. बाईंनी यापुढे प्रवेशाचे आणि वेळापत्रकाचे काम पाहावे, आणि अनेक चलांच्या कलनाचा वर्ग नव्याने आलेल्या धाकट्या मॅडमना द्यावा, असे त्यांच्या मनात होते. पगार तोच, मान तोच, त्रास कमी.

बाईंनी ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, "सर, माझे डोळे गेलेत की माझं गणित?"

सरांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. तेव्हा बाईच म्हणाल्या, "आता छेदवक्रांचा भाग येतोय, दोन पृष्ठं एकमेकांना छेदतात तिथल्या रेघांचा. सगळ्यात अवघड तोच. तो मला शिकवू द्या. तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसा. नाही जमलं, तर मी आपणहून ऑफिसात जाईन. तुम्हाला पुन्हा चहा मागवावा लागणार नाही."

त्या दिवशी संध्याकाळी बाई भिंतीला हात लावत लावत दादांच्या दुकानात आल्या. कोपऱ्यात एका पाडलेल्या घराच्या तुळईचा तुकडा पडला होता. तो म्हणजे मी. बाईंनी आपल्याला काय हवे ते सांगितले. आधी एक गोळा कातायचा. मग त्या गोळ्यातून असा दांडा काढायचा, की त्याची जाडी गोळ्याच्या जाडीच्या निम्मी असेल. दांड्याची एक बाजू गोळ्याच्या बरोबर मध्यबिंदूतून जाईल आणि समोरची बाजू गोळ्याच्या पृष्ठभागाला आतून नुसती टेकेल.

दादांनी डोके खाजवले. "म्हणजे आधी मी जीव ओतून गोळा करायचा, आणि मग निम्म्याहून जास्त भुगा करून टाकायचा?"

"हो."

"चिमे, असलं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नाही."

पण बहिणीचा आवाज त्यांनी ओळखला होता. लहानपणीही ती एखाद्या गोष्टीला चिकटली की घरच्यांची सुटका नसे.

गोळा झाला तो सुरेख झाला. खरी परीक्षा पुढे होती. माझ्या दोन्ही अंगांना ठोकळे चिकटवून, मला मधोमध न धरता बाजूला सरकवून लेथवर चढवले. असा तिरपागडा तुकडा फिरू लागला की सगळे यंत्र थडथडते. एकदा तर सांधा सुटून मी भिंतीवर आदळलो आणि खिळ्यांचे डबे घेऊन खाली आलो. वहिनी आतून धावत आल्या. बहीणभावांनी मिळून दुकान पाडायचे ठरवले असेल तर आधी आपल्याला माहेरी पोहोचवावे, असे त्यांनी सुनावले. दादांनी पटाशीला पुन्हा धार लावली, वेग कमी केला आणि मला पुन्हा चढवले. माझ्या अंगाचा पुष्कळसा भाग भुसा होऊन त्यांच्या पायाशी पडला. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण जो उरला तो मी होतो.

बाईंनी मला हातात घेतले. डोळे मिटले आणि माझ्या कडेवरून बोट फिरवले. एकदा, मग परत एकदा. दादा पुसायच्या फडक्याशी चाळा करत उभे होते.

"बरोबर आहे?" त्यांनी विचारले.

"दादा, आजवर हे मी नुसतं लिहीत होते," बाई म्हणाल्या. दादांनी घाईघाईने पाठ फिरवली आणि लेथ पुसायला घेतला.

आता वर्गातली हकीगत सांगतो. त्या वर्गात एक मुलगा होता. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. तक्रार करणाऱ्यांत तोच पुढे होता. बाईंनी मला टेबलावर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. अवकाशात एक अट घातली की एक पृष्ठ मिळते. मध्यापासून अंतर ठरावीक हवे म्हटले, की गोळा. एका उभ्या आसापासून अंतर ठरावीक हवे म्हटले, की नळा, म्हणजे माझ्या दांड्याचे अंग. दोन्ही अटी एकदम पाळायच्या म्हटल्या, की उरते फक्त एक रेघ. "घरात एकाच माणसाचं ऐकायचं असेल तर हिंडायला बरीच जागा असते," बाई म्हणाल्या. "सासू आणि आई दोघींचं एकदम ऐकायचं असेल, तर एका रेघेवरून चालावं लागतं." वर्ग हसला.

पण रेघ कुठे आहे हे कळणे वेगळे आणि तिच्यावरून चालणे वेगळे. चालणाऱ्याला एक घड्याळ लागते. त्या घड्याळाला गणितात प्राचल म्हणतात आणि बाई त्याला नुसते टी म्हणत. टी सांगितला की तुम्ही रेघेवर नेमके कुठे आहात ते कळते. वरून पाहिले तर तुम्ही एका वर्तुळावरून फिरत असता. उंची मात्र आपल्या चालीने वरखाली होत असते. बाई सांगत गेल्या आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने फळ्यावर लिहून घेतले: एक्स म्हणजे एक अधिक कोसाइन टी, वाय म्हणजे साइन टी, आणि झेड म्हणजे अर्ध्या टीच्या साइनची दुप्पट.

"म्हणजे टी एक पूर्ण वळसा घेईल तेव्हा काम अर्धंच होईल," बाई म्हणाल्या. "दोन वळसे हवेत."

वकील उभा राहिला. वर्तुळ एका वळशात पूर्ण होते, तर दुसरा कशाला, असा त्याचा मुद्दा होता. झेडसाठी सरळ वर्गमूळ घ्यावे, धन घेतले की वरचा भाग, ऋण घेतले की खालचा. दोन सूत्रे, विषय संपला.

बाईंनी त्याला पुढे बोलावले, डोळे मिटायला सांगितले आणि मला त्याच्या हातात दिले. तो नाकापासून निघाला. कडेवरून उजवीकडे वर चढला, पाठीमागच्या उंच टोकाला वळसा घालून डावीकडून खाली उतरू लागला. मित्रांनो, पाठीकडे माझी कड चांगली धारदार आहे. पण नाकाकडे येताना ती बोथट होत जाते, कारण तिथे गोळा आणि दांडा एकमेकांना नुसते टेकतात. दोघांचे पृष्ठभाग तिथे एकाच दिशेला तोंड करून असतात. नाकावर तर कड बोटाला लागतच नाही.

वकिलाचे बोट थांबले. "बाई, इथे कड संपली."

"संपली नाही. तुला लागत नाही, एवढंच. तू कुठल्या दिशेने येत होतास?"

"खाली."

"मग तसाच जा."

तो जरा घुटमळला. मग बोट तसेच खाली सरकले आणि त्याला पुन्हा कड सापडली. तळाकडची. तिच्यावरून पाठीमागे वळसा घालून, पलीकडून चढून तो परत नाकाशी आला. एका वळशात वरचा फेरा, दुसऱ्यात खालचा, आणि बोट एकदाही उचलले नव्हते. त्याने डोळे उघडले, पण हुज्जत घातली नाही. जागेवर जाताना एवढेच म्हणाला, "माझी दोन सूत्रंही बरोबरच होती, बाई."

"बरोबर होती," बाई म्हणाल्या. "पण त्यांनी तुला नाकाशी आणून सोडलं असतं."

त्या दिवशी मी हातोहात सगळ्या बाकांवरून फिरलो. इतके कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आले नाही. मला वाटू लागले की बाईंची नोकरी आता माझ्याच जोरावर तरणार. लाकडाला गर्व होत नाही असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका.

पुढच्या तासाला विभागप्रमुख सर आले. शेजारी धाकट्या मॅडम वही घेऊन बसल्या. बाईंनी मला टेबलाच्या कडेशी ठेवले होते. बोलता बोलता त्यांनी मला घ्यायला हात पुढे केला, आणि जिथे मी होतो नेमका तिथेच त्यांचा करडा डाग होता. हाताचा धक्का लागून मी खाली पडलो. फरशीवर आपटून उभा चिरलो. दोन तुकडे दोन दिशांना घरंगळले.

बाईंना दिसत नाही हे जे सांगायला सगळे संकोचत होते, ते त्या आवाजाने सगळ्यांना सांगून टाकले. सरांनी मान खाली घातली. मला जमिनीवरून त्यांचे बूट दिसत होते. ते उठायच्या बेतात होते, बहुधा तास इथेच थांबवू या असे म्हणायला.

"किती तुकडे झाले?" बाईंनी विचारले.

"दोन, बाई," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"टेबलाखाली सरकव. कोणाच्या पायात यायला नकोत." मग बाई टेबलाच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. "सगळे उभे राहा. सर, तुम्हीसुद्धा. डोळे मिटा आणि उजवा हात समोर धरा."

बाकांचा आवाज झाला आणि सगळा वर्ग उभा राहिला. बाईंनी स्वतःचा हात हवेत धरला आणि चालायला सुरुवात केली. त्या टी सांगत होत्या, हात फिरत होते. उजवीकडे वर, मग आपल्या छातीकडे, सगळ्यात उंच, मग डावीकडून उतरत परत समोर. "आता तुम्ही नाकाशी आलात," त्या म्हणाल्या. "इथे दोन्ही पृष्ठं तुम्हाला दिशा सांगू शकत नाहीत. दोघांचे लंब एकाच रेषेत आले आहेत, त्यांचा सदिश गुणाकार शून्य आहे. त्यांना विचारून उपयोग नाही. पण तुमचा टी थांबलेला नाही. तुम्हाला वेग आहे. ज्या वेगाने आलात त्याच वेगाने जा."

जमिनीवरून मला सगळे हात दिसत होते. मुलांचे हात खाली उतरले, काही डळमळत, काही खात्रीने. वकिलाचा हात तर रुळावरून जावा तसा गेला. मागच्या बाकावर एकच हात नाकाशी येऊन परत वर गेला. तो सरांचा होता. त्यांनी एक डोळा किलकिला करून पाहिले आणि त्यांना हसू आले.

"बाई, मी परत वरच आलो की."

"तुम्ही वर्गमूळ धन घेतलंत, सर," बाई म्हणाल्या. "पुन्हा या."

वर्ग खदखदून हसला. सरांनी खरोखरच डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर बाईंनी राहिलेला सगळा भाग शिकवला. नळा आणि प्रतल, शंकू आणि गोळा, एकामागून एक. फळ्यावर मुले लिहीत होती आणि बाई चुका ऐकून दुरुस्त करत होत्या. मी टेबलाखाली दोन तुकड्यांत पडून सगळे ऐकत होतो. तेव्हा मला कळले की रेघ माझ्यात नव्हतीच. मी नसतानाही ती तितकीच ठाम होती.

तास संपल्यावर सर पुढे आले. त्यांनी वाकून माझे तुकडे उचलले, टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "वर्ग तुमचाच राहील. फळ्यावर लिहायला कोणीतरी लागेल, तेवढी सोय करू."

धाकट्या मॅडम म्हणाल्या, "मी लिहीन. मलाही पुन्हा शिकायचंय."

दादांनी मला सरसाने जोडले. सांध्याची एक बारीक रेघ माझ्या डोक्यावरून तळापर्यंत राहून गेली. नवी मुले आली की त्यांचे बोट तिथे अडखळे. "ती रेघ गणिताची नाही, माझ्या आळसाची आहे, मी टेबलाच्या कडेला वस्तू ठेवते," असे बाई त्यांना सांगत.

बाई पुढे वर्षानुवर्षे शिकवत राहिल्या. त्यांची राहिलेली नजरही गेली, तास चुकले नाहीत. अखेर त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर माझे दिवस फिरले. वर्गात पडदा आला, त्यावर रंगीत गोळे आणि नळे आपोआप फिरू लागले. मी त्यांचा हेवा केला नाही, फार छान फिरत ते. पण मला मात्र कोणी हात लावेना. काही काळ मी प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून बसलो. काही काळ वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराशी होतो. तिथे लोकांच्या लाथा बसल्या, त्याबद्दल तक्रार नाही, काम काम असते.

मग कॉलेजच्या वर्धापनदिनाचे प्रदर्शन ठरले आणि कोणाला तरी माझी आठवण झाली. मला धुऊनपुसून, पॉलिश करून काचेच्या पेटीत ठेवले. खाली मखमल, वर दिवा. पेटीवर पाटी लागली. लोक येत, पाहत आणि पुढे जात. दाराशी पडलो होतो तेव्हाही मला इतके एकटे वाटले नव्हते.

प्रदर्शनाला बाई आल्या. केस पांढरे झालेले, हात दादांच्या दंडावर. दादाही आता वाकले होते. त्यांच्याबरोबर धाकट्या मॅडम होत्या, त्याच आता विभागप्रमुख. मॅडमनी मोठ्या अभिमानाने सांगितले की बाईंचा ठोकळा किती जपून ठेवला आहे. बाईंनी हात पुढे केला. बोटे काचेला लागली. त्यांनी काच चाचपली, मग पेटीवरची पाटी चाचपली.

"इथे काय लिहिलंय?"

पाटी दादांनीच वाचून दाखवली. "कृपया हात लावू नये."

बाईंनी हात पाटीवरच ठेवला. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "मग मी ते पाहायचं कसं?"

धाकट्या मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी किल्ली मागवली नाही, आपल्याच पर्समधून काढली आणि पेटी उघडली. मग आपल्या हातांनी ती पाटी उचकटून काढली. बाईंनी मला उचलले. माझ्या पाठीपासून निघून त्यांचे बोट कडेवरून उतरले, नाकाशी आले आणि क्षणभरही न थांबता पुढे गेले. मागे रांगेत उभी असलेली मुले पुढे सरकली. एकीने हळूच विचारले, "आम्ही पण पाहू का?"

मित्रांनो, आता माझी कड झिजू लागली आहे. रोज कितीतरी बोटे तिच्यावरून जातात, आणि लाकूड ते लाकूडच. एक दिवस ती इतकी बोथट होईल की नाकासारखीच सगळीकडे लागेनाशी होईल. तेव्हा माझ्यासाठी हळहळू नका. दुसऱ्या एखाद्या तुळईचा तुकडा शोधा, एखाद्या कातारी दादांना गळ घाला आणि माझ्या जागी दुसरा करून घ्या. पण तोवर मला जपायचे असेल, तर कुलपात घालून जपू नका. शिकायच्या वस्तू हातांनी जपतात. डोळे मिटा, नाकापासून निघा, आणि कड लागेनाशी झाली तरी बोट उचलू नका.